तुम्ही बसा निवांत

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन प्रकारची वाहनं एकमेकांना अडवत असतात. एक म्हणजे उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे रिफ्लेक्टर असला तर असला, आणि ट्रॅक्टरवर अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात गाणी. दुसऱ्या म्हणजे पुण्याहून आलेल्या गाड्या. मागच्या काचेतून उशा, चटया, बॅडमिंटनच्या रॅकेट दिसतात. कुणी हुरडा पार्टीला निघालंय, कुणी मित्राच्या फार्महाऊसवर, कुणी आजोळी ‘चार दिवस निवांत’. ट्रॉली साइड देत नाही म्हणून गाडीवाला हॉर्न वाजवत राहतो. ट्रॉलीवाल्याला घाई असते कारण कारखान्याच्या गेटवर नंबर लावायचा असतो. गाडीवाल्याला घाई असते कारण त्याचा निवांतपणा सुरू व्हायला उशीर होतोय.

या दुसऱ्या घाईचं मला कुतूहल आहे. आपण शहरातले लोक वर्षाच्या शेवटी दमून गावाकडे जातो, तिथली थंडी, धुकं, शेकोटी, चुलीवरची भाकरी यांत दोन दिवस मुरतो आणि ‘किती शांत आहे इथे’ म्हणत परत येतो. हे सगळं ज्या दिवसांत चालतं, ते त्या गावाचे वर्षातले सगळ्यात धावपळीचे दिवस असतात. दुसऱ्याच्या ऐन कामाच्या मोसमात जाऊन आपण विसावा घेतो, तो कुणाच्या जिवावर घेतो? आणि तो घ्यावा का?

धावपळीचे दिवस म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण गाडीच्या काचेतून ते दिसत नाही. गव्हाला पाणी चालू असतं. कांद्याची लागण चालू असते, म्हणजे दिवसभर वाफ्यात वाकून एकेक रोप लावायचं. ज्वारी दाण्यात आलेली असते, तिच्यावर पाखरं उतरतात, ती राखायची. पाटस, आलेगाव, यवत, जातेगाव अशा ठिकाणचे साखर कारखाने रात्रंदिवस चालू असतात. दौंड तालुक्यात केडगाव, राहू, पारगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळांची धुराडी पेटलेली असतात आणि तिथल्या काहिलींवर उत्तर प्रदेशातून आलेली माणसं घाम गाळत असतात, भर थंडीत. ही शेतं कालव्यांनी बदलली. जिथे पूर्वी नुसती ज्वारी-बाजरी होती तिथे कुकडी, चासकमान, घोडच्या पाण्याने ऊस आला, आणि उसाबरोबर हिवाळा हा कापणीचा, वाहतुकीचा, गाळपाचा मोसम झाला.

गावाला सुट्टी असते, पण ती चैत्रात. रब्बी निघालेली असते, कारखान्याचा पट्टा पडलेला असतो, शेतात करण्यासारखं थोडं असतं, म्हणून गावोगावच्या जत्रा तेव्हा भरतात आणि लग्नंही तेव्हाच उरकतात. त्या वेळी शहरातून कुणी ‘निवांत’ व्हायला येत नाही. चाळीस अंशांत कसलं निवांत?

‘सुट्टी’ हा शब्द सुटण्याशी जोडलेला आहे. सुटायचं तर आधी बांधलेलं असावं लागतं. आपण नोकरीला बांधलेले, म्हणून आपल्याला सुट्टी कळते. गावात ‘रिकामा’ ही जवळजवळ शिवीच आहे. कट्ट्यावर बसलेल्या पोराला ‘काय रिकामटेकडा बसलायस’ म्हणतात. त्यामुळे शहरातून आलेला, कानात इअरबड घालून बाजेवर पडलेला भाचा हे गावाच्या दृष्टीने जरा विचित्र दृश्य असतं. पण त्याला कुणी काही बोलत नाही. तो पाहुणा असतो. शिरूर तालुक्यातल्या माझ्या आजोळी मामी म्हणते, ‘‘तू बस रे निवांत, आम्ही हायेत ना. आमचं काय, रोजचंच हाय.’’

या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. ते मायेने म्हटलेलं असतं, त्यात खोट नसते. तरी त्यात एक व्यवहार सांगून टाकलेला आहे. तू निवांत बसू शकतोस, कारण ‘आम्ही आहोत’. निवांतपणा हवेत तरंगत नसतो, तो कुणीतरी तयार करून वाढत असतं, गरम भाकरीसारखा.

मग वाटतं की यापेक्षा हुरडा पार्टीवाले बरे. मोराची चिंचोली हे शिरूर तालुक्यातलं गाव मोरांमुळे आणि आता कृषी पर्यटनामुळे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. आगटीत कणसं भाजायची, गरम असतानाच चोळून दाणे काढायचे, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, गोडीशेव, दुपारी पिठलं-भाकरी, बैलगाडीत एक फेरी, माणशी अमुक रुपये. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरणही आणलं. यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. हुरडा पूर्वी विकत नसत, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. तो शेताच्या बांधावर पाहुण्यारावळ्यांना, सोयऱ्यांना बोलावून खाऊ घालायचा. आज माझ्या शेतात तू, उद्या तुझ्या शेतात मी. त्याचं पॅकेज झालं, पाहुणचार बाजारात आला, संस्कृती गेली, वगैरे.

मला हे दुःख पटत नाही. जुन्या पाहुणचारात ‘आज तू, उद्या मी’ हे पुरुषांपुरतं खरं होतं. चुलीपाशी दोन्ही दिवशी बाईच. आणि शहरातल्या भाच्याच्या बाबतीत तर ‘उद्या मी’ कधी येतच नाही. मामी पुण्याला आली तरी दोन दिवसांत ‘गुरांचं कोण बघणार’ म्हणून परत जाते, आणि त्या दोन दिवसांतही आमच्या ओट्याशीच उभी असते. त्या मानाने पर्यटन केंद्र चालवणाऱ्या बाईकडे एक गोष्ट आहे जी मामीकडे नाही. तिला ‘बुकिंग फुल आहे’ म्हणता येतं. घरात कुणी आजारी असेल तर ‘या रविवारी बंद’ असा मेसेज टाकता येतो. पैसे आल्यामुळे नातं पातळ झालं असेल, पण नकाराची सोय झाली. पाहुणचार विकला जातो याचं मला वाईट वाटत नाही. जो विकलाही जात नाही आणि नाकारताही येत नाही, त्याचं वाटतं.

तेव्हा माझी कसोटी अशी. माझा विसावा ज्याच्या कामावर उभा आहे, त्याला ‘आज नाही’ म्हणता येतं का?

ही कसोटी लावली की हिवाळ्यातल्या गावाचे रंग बदलतात. कारण तिथे सगळ्यांत आधी दिसतात ती कोप्यांत राहणारी माणसं. बीडकडून, पाथर्डीकडून आणि आणखी कुठून कुठून दसरा-दिवाळीनंतर ही माणसं ट्रॅक्टरमध्ये संसार घालून येतात. भांडी, बाज, शेळी, कोंबड्या, शाळेतून काढून आणलेली पोरं. कारखान्याजवळच्या किंवा शेताकडेच्या रिकाम्या जागेत बांबू आणि ताडपत्रीची कोपी उभी राहते. ‘हिवाळ्यात गावाकडे जाऊन राहणं’ हे शब्दशः करणारी माणसं हीच. आपण वीकएंडला येतो, ते पाच महिने येतात.

त्यांना मोजायचं एकक ‘कोयता’ आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणसांना अवजाराने मोजणारी भाषा काय सांगते ते वेगळं लिहायला नको. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात करार होऊन तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. एका कोयत्याने दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून वाहून गाडी भरली, तर दोघांचे मिळून साडेपाचशे ते सातशे तीस रुपये होतात. वर वाढे विकून थोडेफार. गाडी रात्री बाराला आली तर रात्री बाराला उठून भरायची.

आणि न आलेल्या दिवसाला म्हणतात ‘खाडा’. शहरात खाडा म्हणजे दूधवाला किंवा कामवाली न आलेला दिवस, महिनाअखेरीला पैसे कापायचे. इथे खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर मुकादम दंड लावतो. पाचशे रुपयांचा आकडा बातम्यांत वारंवार येतो. म्हणजे विश्रांती ही पगार न मिळणारी गोष्टही नाही, ती विकत घ्यायची गोष्ट आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यामागे कारणं अनेक होती, लहान वयातली लग्नं, घाईने ऑपरेशन सुचवणारे दवाखाने. पण बायका स्वतः जे सांगत होत्या त्यात एक कारण खाड्याचं होतं. पाळीचे दिवस परवडत नव्हते.

इथे कुणीतरी म्हणेलच की ती माणसं स्वखुशीने येतात, आगाऊ पैसे घेतात. घेतात. त्याला उचल म्हणतात. ती पावसाळ्यात घेतलेली असते, जेव्हा हाताला काम नसतं आणि घरात लग्न किंवा आजारपण असतं. रक्कम लाखाच्या घरात जाते. ती फेडायला हंगाम पुरला नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते, आणि त्याबरोबर माणूसही. जूनमध्ये दिलेला एक होकार डिसेंबरमधले सगळे नकार खाऊन टाकतो. अशा होकाराला स्वखुशी म्हणायचं तर म्हणा.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि आमच्या धंद्यात या सगळ्याचा एक सौम्य नमुना रोज बघायला मिळतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात आमच्याकडे ‘कोड फ्रीज’ असतो. अमेरिका-युरोपातली माणसं सुट्टीवर जातात, म्हणून नवं काही प्रॉडक्शनवर टाकायचं नाही. टीम सुस्तावते, लॅपटॉप घेऊन गावाकडे जायचा मोका हाच. पण सर्व्हर सुट्टीवर जात नाहीत. कुणीतरी ऑन-कॉल लागतं, आणि नाताळच्या आठवड्यात ती पाळी बहुतेक वेळा इकडे येते. मग आम्ही तिकडच्या मंडळींना लिहितो, ‘एन्जॉय युवर हॉलिडेज, वी हॅव गॉट इट कव्हर्ड.’ मामीचंच वाक्य, इंग्रजीत. फक्त आम्हाला पाळी बदलून मागता येते, कॉम्प-ऑफ मिळतो, फारच झालं तर नोकरी बदलता येते. कोयत्याशी बरोबरी करायचा प्रश्नच नाही. पण ‘आम्ही आहोत, तुम्ही बसा’ ही साखळी किती लांब आहे ते यावरून कळतं. बोस्टनमधला कुणी शेकोटीपाशी निवांत, कारण शिरूरमध्ये कुणी लॅपटॉपपाशी जागा. तो लॅपटॉपपाशी बसू शकतो, कारण मामी चुलीपाशी. आणि चहातली साखर कुठून आली ते वर लिहिलं आहेच.

नाताळ म्हटल्यावर दौंड तालुक्यात केडगाव आठवलं पाहिजे. पंडिता रमाबाईंनी तिथे जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. इतक्या जणींना शहरात ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून केडगावच्या माळावर तात्पुरत्या निवाऱ्यात त्यांची सोय केली. विहिरी खणल्या, झाडं लावली, आणि त्यातून ‘मुक्ती’ उभं राहिलं. धर्मांतरावरून तेव्हा झालेल्या वादांत मी शिरत नाही, त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. मला वेगळी गोष्ट लक्षात घ्यायची आहे. त्या मुलींना रमाबाईंनी नुसता विसावा दिला नाही, काम दिलं. शेती, विणकाम, छापखाना. ज्या विधवांना घरात कामाशिवाय दुसरं काही नव्हतं, त्यांच्या मुक्तीचा रस्ता पुन्हा कामातूनच जावा हे पहिल्यांदा चमत्कारिक वाटतं. पण कामात आणि कामात फरक असतो. ज्या कामातून स्वतःच्या पायावर उभं राहता येतं, ज्याच्या बदल्यात उद्या निघूनही जाता येतं, ते काम माणसाला बांधत नाही. म्हणजे कष्ट वाईट आणि आराम चांगला, इतका सरळ हिशेब नाही.

रमाबाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून छापलं गेलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोपर्यंत हेच काम चालू होतं. त्या बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकात दहा आज्ञा येतात, त्यांत एक विश्रांतीच्या दिवसाची. त्या आज्ञेचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. सातव्या दिवशी तू काम करू नकोस, एवढं सांगून ती थांबत नाही. तुझा मुलगा, मुलगी, तुझा चाकर, तुझी दासी, तुझी गुरं आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा उपरा, यांपैकी कुणीही त्या दिवशी राबता कामा नये, असं ती सांगते. ज्यांच्या जिवावर विसावा घेता येतो त्या सगळ्यांची यादीच आहे ती, आणि शेवटचं नाव परगावाहून आलेल्याचं. मी धार्मिक माणूस नाही. पण तीनएक हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी हे नीट कळलेलं होतं, आणि आपल्याकडे ते केडगावच्या माळावर मराठीत छापून झालं, याची मला मजा वाटते. बैलाच्या बाबतीत तर आपल्यालाही कळलेलं आहे. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. पोळा ऊसतोडीच्या हंगामाआधी येऊन जातो, एवढंच.

वेशीवरून गेट आठवतं. साखर कारखान्याच्या गेटच्या आत काम करणाऱ्याला पाळ्या आहेत, साप्ताहिक सुट्टी आहे. बॉयलर थांबत नाही, माणूस बदलतो. गेटच्या बाहेर, त्याच उसाच्या दुसऱ्या टोकाला, माणूस मुकादमामार्फत आलेला, म्हणून तो कारखान्याचा नोकर नाही, म्हणून त्याला रविवार नाही. आतल्यांना रविवार मिळाला तोही कुणाच्या चांगुलपणातून नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज-विनंत्या केल्या, सभा घेतल्या, आणि १० जून १८९० ला गिरणी कामगारांची रविवारची सुट्टी मान्य झाली. रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार, असंही एक कारण त्यांनी पुढे केल्याचं सांगतात. दौंडपासून जेजुरी लांब नाही. खंडोबाचा रविवार मुंबईच्या गिरण्यांत पोचला, गेटबाहेरच्या फडात अजून पोचायचा आहे.

(सुट्टीचा आणखी एक उपयोग याच रस्त्यावर दिसतो. १ जानेवारीला कोरेगाव भीमाजवळ पेरण्याच्या विजयस्तंभापाशी लाखो लोक येतात. १९२७ मध्ये याच दिवशी डॉ. आंबेडकर तिथे आले होते. पुणे-अहिल्यानगर रस्त्याची वाहतूक वळवावी लागते आणि फार्महाऊसवरून परतणाऱ्या गाड्या मोबाइलवर दुसरा रस्ता शोधत बसतात. तिथे जमणारी माणसंही वर्षाचा पहिला दिवस मोकळा काढून आलेली असतात, पण निवांत व्हायला नाही.)

विसाव्यासाठी दुसऱ्याचे कष्ट लागतात हे ॲरिस्टॉटलनेही कबूल केलं होतं, फक्त त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. माग आपोआप विणू लागले असते तर धन्यांना गुलामांची गरज पडली नसती, असं त्याने म्हटलं. माग आपोआप विणू लागून बराच काळ झाला. फडात आता हार्वेस्टर यंत्रं आली आहेत, एक यंत्र कित्येक कोयत्यांचं काम उरकतं. त्याने कोयत्याला विसावा मिळाला का? त्याला बेकारी मिळेल. मोकळा वेळ आणि विसावा यांच्यामध्ये पैसा उभा असतो. आमच्या धंद्यातही हल्ली एआयवरून हेच बोलणं चालू आहे. यंत्र आलं की वेळ वाचेल, असं आम्ही एकमेकांना सांगतो. तो कुणाचा वाचेल आणि कुणाला त्याचे पैसे मिळतील, यावर मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही.

झोपेचंच उदाहरण घ्या. शेतीपंपाला वीज काही तास मिळते, कधी दिवसाच्या पाळीने, कधी रात्रीच्या. रात्रीची पाळी असली की शेतकरी दहा अंशांच्या थंडीत बॅटरी घेऊन, पायांत गमबूट घालून दारं धरायला जातो. चिखलातून, बाजूला डोक्याच्या वर गेलेला ऊस. त्या उसात बिबट्या असतो, ही आता या भागात साधी माहिती झाली आहे. बिबट्यांच्या माद्या उसात पिल्लं घालतात, तोडणीच्या वेळी ती सापडतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांतली दोन लहान मुलं होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. त्यांच्या मागण्यांत दिवसा वीज ही एक जुनीच मागणी होती. सौर कृषी वाहिनी योजनेतून ती हळूहळू पुरी होतेय, काही फीडरवर झालीही. पण एक गोष्ट बघा, रात्री अंथरुणात झोपण्यासाठी माणसाला मोर्चा काढावा लागतो, आणि आपण शनिवारी त्याच शिवारात तंबू ठोकून ‘स्टार गेझिंग’ करायचे पैसे देतो.

यावर माझ्या मित्रांचं म्हणणं असं, की एवढा विचार केला तर कुठेच सुट्टी घ्यायला नको. शहरात एकतीस डिसेंबरला घरी बसून बिर्याणी मागवली तरी ती कुणीतरी थंडीत बाइकवर घेऊन येतोच. बरोबर आहे. साखळीबाहेर पडायची जागा नाही, आणि अपराधी वाटून घेण्याने कुणाचा खाडा माफ होत नाही. अपराधी वाटणं हीसुद्धा एक चैनच. पाहुण्याने कसनुसा चेहरा करून बसावं असं मामीलाही वाटत नाही. तिला ते आवडणारच नाही. पण साखळी सगळीकडे आहे म्हणून तिच्या सगळ्या कड्या सारख्या होत नाहीत. नाही म्हणू शकणाऱ्याकडून घेतलेली सेवा आणि नाही म्हणू न शकणाऱ्याकडून घेतलेली सेवा यांत फरक आहे, आणि तो कळण्यासाठी फार अक्कल लागत नाही. फक्त विचारावं लागतं. ‘रविवारी येऊ का’ असं विचारणं आणि ‘रविवारी येतोय’ असं कळवणं या दोन वाक्यांत सगळा प्रश्न आहे. पहिल्या वाक्याला नकार येऊ शकतो.

माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना आता वीकएंडही पुरत नाही. शिरूर-दौंड भागात प्लॉटच्या जाहिराती रोज इन्स्टावर येतात. सेकंड होम, नदीकाठ, पुण्यापासून दीड तास. वर्क फ्रॉम होम आहे तर हिवाळ्याचे दोन-तीन महिने तिथेच राहू, हा विचार आमच्या ग्रुपवर दर नोव्हेंबरला निघतो. मला तो वाईट वाटत नाही. उलट चार दिवसांच्या पाहुण्यापेक्षा तीन महिन्यांचा शेजारी बरा, कारण शेजाऱ्याला शिवाराचं वेळापत्रक कळायला लागतं. ३१ डिसेंबरच्या रात्री साडेबाराला फार्महाऊसवरचा स्पीकर बंद होतो तेव्हा बाजूच्या कोपीतल्या बाईला उठायला साडेतीन-चार तास राहिलेले असतात. तिला चार वाजता भाकरी थापून फडात जायचं असतं. शेजारी म्हणून राहणाऱ्याला ही माहिती असते. मग तो स्पीकर लावेल की नाही ते त्याच्यावर, पण ‘मला माहीत नव्हतं’ ही सोय त्याच्याकडे उरत नाही. शेजाऱ्याला आणखीही गोष्टी कळतात. कोपीजवळ पिण्याच्या पाण्याचा नळ आहे का, तिथल्या पोरांना गावच्या शाळेत बसू देतात का, रात्री तिथे दिवा असतो का. ग्रामसभेत या गोष्टी विचारायला साखर आयुक्त असावं लागत नाही.

अर्थात तसं राहायचं तर जानेवारीतलं गाव घ्यायचं आणि एप्रिलमधलं सोडायचं, असं चालणार नाही. एप्रिलमध्ये कोप्या मोडलेल्या असतात, त्यांच्या जागी काळे चौकोन उरतात. माणसं परत ट्रॅक्टरमध्ये संसार घालून निघून गेलेली असतात, काही जण बाकी अंगावर घेऊन. हुरड्याचे फलक उतरलेले असतात. विहिरीचं पाणी तळाला असतं, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. आणि जत्रा असते. पालखी, छबिना, कुस्त्या, रात्री तमाशा, घराघरात माहेरवाशिणी आलेल्या. मागच्या वर्षी मी मामीला विचारलं की तुला निवांत कधी असतं. ती म्हणाली, ‘‘जत्रेत ये. तवा मी पण बसते.’’ यंदाच्या जत्रेची तारीख मी काढून ठेवली आहे. मंगळवार-बुधवार येतोय, आणि आमच्याकडे नेमकं त्याच आठवड्यात नव्या क्वार्टरचं प्लॅनिंग आहे. रजेचा अर्ज टाकलाय, अजून उत्तर नाही.